पाच मिनिटं, सर

साहित्य महोत्सव म्हटला की कुणाला सूत्रसंचालन मिळतं, कुणाला पाहुण्यांची सरबराई मिळते, मला चिठ्ठ्या मिळाल्या. म्हणजे वक्त्याची वेळ संपत आली की वाकत वाकत स्टेजवर जायचं, कागदाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवायचा, पब्लिककडे बघून उगाच हसायचं आणि वाकत वाकत परत यायचं. आमचा फोंड्याकडचा दोन दिवसांचा छोटासा महोत्सव, पहिल्या दिवशी कविता होत्या, तिथे काही त्रास झाला नाही. रविवारी चारला मात्र 'गोव्याचा इतिहास : १५१० ते १९६१', वेळ ४० मिनिटं. मी मोबाईलवर हिशेब केला, ४५१ भागिले ४०, मिनिटाला अकरा वर्षं आणि वर थोडे महिने. जमेल म्हटलं.

सर उठले, पाणी प्यायले, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं (हे घड्याळ काढणारे सगळ्यात डेंजर, काढतात आणि मग त्याच्यावरच टिपणं ठेवतात) आणि म्हणाले, पोर्तुगीज समजायचे तर आधी कदंब समजायला हवेत. कदंब म्हणजे गोव्याचे जुने राजे, आमच्या सरकारी बसला ज्यांचं नाव आहे ते. झालं! कदंबांची राजधानी चंद्रपूरहून, म्हणजे आपल्या चांदरहून, गोपकपट्टणला आली, तिथून सर तांबडी सुर्लाच्या महादेवाकडे वळले, तिथला काळा दगड म्हणे घाटावरून आणला, तो दगड घाट उतरून खाली यायलाच बारा मिनिटं लागली. मग एकदाचा पोर्तुगीज सेनापती अल्बुकेर्क आला आणि मी जरा सैल बसलो, पण त्या माणसानं गोवा एकदा घेतला, पावसाच्या तोंडावर तो आदिलशहाच्या हाती परत गमावला, सगळा पावसाळा त्याची जहाजं मांडवीत अडकून पडली, सरांनी आम्हालाही त्यांच्याबरोबर अडकवलं, एक सर सोडली नाही. २५ नोव्हेंबरला गोवा दुसऱ्यांदा पडला तेव्हा पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली. ती आनंदाची होती की सुटकेची, देवाक खबर.

मी गेलो. 'पाच मिनिटं, सर'. त्यांनी चिठ्ठी न बघता घडी घालून पुस्तकात खूण म्हणून ठेवली. दुसरी, 'वेळ संपत आली', तिनं चष्मा पुसला. तिसरी मी लाल पेननं लिहिली, 'वेळ संपली'. सरांनी ती नीट वाचली, माझ्याकडे प्रेमानं बघितलं, खिशातून पेन काढलं आणि तिच्यावर 'शुभेच्छांसह' लिहून, सही करून मला परत दिली. सही सुंदर होती, ते मान्य.

शेवटी अध्यक्षांनीच खोकून थांबवलं, सन १५६०. उरलेली ४०१ वर्षं 'आपण सुज्ञ आहात' ह्या तीन शब्दांत गेली.

मला वाटलं सुटलो. पण प्रश्नोत्तरं राहिली होती, आणि दुसरीकडे लोक इतिहास ऐकायला येत असतील, आमच्याकडे तपासायला येतात. कारण हॉलमधल्या निम्म्या लोकांचे देव त्याच सुमाराला पोर्तुगीजांपासून वाचवायला सासष्टीतून जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे ह्या आमच्या फोंड्यात, आणलेले, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. इथे तेव्हा पोर्तुगीज नव्हते, फोंडा त्यांच्या हातात गेला तो पार १७६३ साली. तर देव नेमका कुठल्या वाटेनं आला, होडी कुणाची होती, ह्याची प्रत्येक घराची आपली व्हर्जन आहे आणि ती शेजारच्या घराशी जुळत नाही. दुसऱ्या रांगेतल्या छत्रीवाल्या काकांनी माईक हातात घेतला, 'प्रश्न न्हय, दोनच शब्द' म्हणाले आणि मी घड्याळ लावलं, अकरा मिनिटं. मधे छत्री उघडली. त्यांच्यासाठी माझ्याकडे चिठ्ठीच नव्हती, चिठ्ठ्या फक्त वक्त्यांच्या छापल्या होत्या.

मग नऊवारीतली एक आजी उठली, माईक नको म्हणाली. 'बाबा, तू म्हाळशेचं सांगितलंस ते बरोबर. पण तिच्याबरोबर कोण चालत आले ते नाही सांगितलंस.' सरांनी विचारलं, कोण आले? 'आम्ही', म्हणाली, आणि बसली. सगळ्या दुपारीत वेळेत संपलेलं हे एकच भाषण, आणि त्याच्यावर सर पहिल्यांदा गप्प झाले.

बाहेर येईस्तोवर भजी संपलेली, चहाच्या थर्मासचा तळ वाजत होता, आणि छत्रीवाले काका पोर्चमध्ये आजीला होडीचं पटवून देत होते. सरांना पणजीची बस पकडायची होती, सोडायचं काम अर्थातच चिठ्ठीवाल्याकडे आलं. स्कूटरवर मागे बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, 'षष्ठदेवाबद्दल बोलायचं राहूनच गेलं नाही का?' आणि हेल्मेटच्या आत, माझ्या उजव्या कानात, कदंब पुन्हा सुरू झाले. स्टँडवर पोचलो तर पणजीची बस समोरच गेटातून बाहेर पडत होती. मी हॉर्न मारला, हात केला, काही उपयोग नाही.

'काय गेली?' सरांनी विचारलं.

'कदंबा', मी म्हटलं.