मालकाचं उत्तर: रविवारच्या बॅकअपबद्दल

साहेब, नमस्कार. ऐन द्राक्षाच्या हंगामात तुमच्या माणसांना बिलं पुन्हा चढवत बसावं लागलं, त्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण तुम्ही लिहिलंत की "दर रविवारी आपोआप बॅकअप होईल म्हणून पैसे घेतले, एकदाही झाला नाही, सरळ फसवणूक आहे." हे वाचून गप्प बसवेना. नाशिकच्या सातपूर-अंबडची आमची बहुतेक कामं एकाने दुसऱ्याला सांगून येतात, आणि हल्ली फोन लावायच्या आधी माणूस इथे येऊन रिव्ह्यू वाचतो.

तुमच्या उबंटूच्या (लिनक्स) मशीनवर क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉन हा प्रोग्राम कुठलं काम कधी आपोआप सुरू करणार त्या यादीत, ओळ आहे ती अशी: ३० २ * * ०. पुढे बॅकअपच्या स्क्रिप्टचा पत्ता. आधी मिनिट, मग तास, मग तारीख, महिना आणि शेवटी वार. तारीख-महिन्याच्या जागी स्टार, म्हणजे कुठलाही चालेल. शेवटचं शून्य म्हणजे रविवार. टाइमझोन भारताचाच आहे, तोही तपासलाय. आता रात्रीचे अडीच म्हणजे आपल्या लेखी अजून शनिवारचीच रात्र, पण कॉम्प्युटरचा रविवार बाराला सुरू होतो. म्हणूनच "शनिवारी रात्री मशीन बंद करू नका" असं तोंडी सांगितलं आणि कॅबिनेटवर मराठीत स्टिकरही लावला. तो अजून तिथेच आहे.

क्रॉन दर मिनिटाला घड्याळ बघतो आणि वेळ जुळली की काम सुरू करतो. त्या मिनिटाला मशीनच बंद असेल, तर हुकलेलं काम तो नंतर भरून काढत नाही. क्रॉन असाच बनवलेला आहे, त्यात आमची हातचलाखी काही नाही. लॉग, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं ती नोंद, तुमच्या अकाउंटंटसमोरच उघडला होता. शनिवार २२ मार्च, संध्याकाळी ७:३८ ला शटडाउन, सोमवारी सकाळी चालू. ५ एप्रिललाही तेच. मशीन बंद, तर बॅकअप कुठून होणार?

आणि ३० मार्च? त्या दिवशी पाडवा होता, आणि मार्चअखेरच्या एंट्र्यांमुळे शनिवारी रात्री मशीन चालूच राहिलं. लॉगमध्ये ०२:३०:०१ ला क्रॉनची नोंद आहे आणि बाहेरच्या डिस्कवर ०२:३४ ची फाइल. ९ एप्रिलला लाइट जाऊन डेटाबेस बिघडला, तेव्हा तुमचा सगळा हिशेब याच फाइलवरून परत आणला. पुन्हा चढवावी लागली ती फक्त त्यानंतरची बिलं. मग "एकदाही झाला नाही" कसं म्हणता, साहेब? ज्या बॅकअपने वाचवलं त्यालाच नाही म्हटलेलं जिव्हारी लागतं.

कोणी विचारेल, मशीन बंद राहणार हे माहीत होतं तर ॲनाक्रॉन का नाही लावलं? ॲनाक्रॉन हुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर करून टाकतो. आम्ही तो सुचवला होता. तेव्हा तुम्हीच म्हणालात की सोमवारी सकाळी गाड्या भरायच्या असतात, बिलिंग जरासुद्धा स्लो झालेलं चालणार नाही, रात्रीचंच ठेवा. तुमचं म्हणणं रास्त होतं, म्हणून रात्रीचं ठेवलं. पण त्याचा दोष आता आमच्या माथी येतोय.

पैशांबद्दल एवढंच, की घेतले ते एकदाच, सेटिंगचे. त्यानंतर तुमची माणसं फोन करत राहिली आणि आम्ही जात राहिलो, त्याचं बिल कधी लावलं नाही.

यापुढे बॅकअप झाला नाही तर मोबाइलवर कळेल अशी काहीतरी सोय करायचं चाललंय. ॲनाक्रॉनचंही दुपारच्या वेळेत काही जमतं का ते बघतो, लवकरच. तुमच्या यूपीएसची बॅटरी मात्र आधी बदलून घ्या, हे त्या दिवशीही सांगितलं होतं.

लॉगची प्रिंट दुकानात काढून ठेवली आहे. अकाउंटंटना घेऊन या, ओळ न् ओळ सोबत बसून बघू. त्यानंतरही एकच स्टार द्यावासा वाटला तर राहू द्या, पण 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढा, ही हात जोडून विनंती.