आठ कोअर आणि एक कूलर

माझ्या घरच्या संगणकात आठ कोअरचा, म्हणजे एकाच वेळी आठ कामे हाकणारा, प्रोसेसर आहे आणि त्यावर मी अर्ज टंकलिखित करतो, म्हणजे आठ बैल जुंपून कोथिंबिरीचा वाफा नांगरतो. ही उधळपट्टी सलू लागली, म्हणून मी रिकाम्या संगणकाची ताकद वैज्ञानिक प्रकल्पांना देणारे बॉइंक हे सॉफ्टवेअर बसवून दुर्बिणींची निरीक्षणे चाळणाऱ्या ‘आइन्स्टाइन ॲट होम’ प्रकल्पात नाव नोंदवले. 2010 साली अमेरिकेतील आयोवाच्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील एका गृहस्थाच्या संगणकांनी याच प्रकल्पात सेकंदाला सुमारे 41 गिरक्या घेणारा एक अज्ञात पल्सार, म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा मृत तारा, शोधून काढला होता. त्यामुळे चौथे नाव नागपूरचे असण्यास माझ्या मते कोणतीच हरकत नव्हती.

हरकत घरातून आली. “पल्सार शोधायला एवढी वीज कशाला? शोरूममध्ये रांगेने उभ्या आहेत,” असे बाबा म्हणाले.

मुहूर्तही मे महिन्याचा निघाला. 2013 साली ज्या नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, तिथे आठही कोअर शंभर टक्के राबवणे म्हणजे खोलीत आणखी एक शेगडी पेटवणे होय. प्रोसेसर नव्वद अंश ओलांडून आपणहून वेग कमी करू लागला, तेव्हा मी कूलरचे तोंड हळूच संगणकाकडे वळवले. सौ. चा घामाने भिजलेला प्रश्न एवढाच होता, “अहो, लग्न कोणाशी झालंय तुमचं?”

मग तडजोडी सुरू झाल्या. बॉइंकमध्ये प्रोसेसरचा किती टक्के वेळ वापरावा हे ठरवता येते. मी तो निम्म्यावर आणला, तर काम सतत सुरू-बंद होऊ लागले आणि पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला. त्यापेक्षा निम्मेच कोअर वापरणे शहाणपणाचे, हे मला उशिरा कळले. शिवाय प्रत्येक कोअरला स्वतंत्र काम मिळत असले तरी मेमरी सामाईकच असते, आणि आठ जावांची एकच चूल म्हटल्यावर अर्जातले एक अक्षर उमटायलाही ताटकळावे लागत होते.

बिल आले. दीडशे वॉटने रात्रंदिवस चालणारे यंत्र महिन्याला 108 युनिटे खाते. त्यामुळे आम्ही तीनशेच्या वरच्या टप्प्यात जाऊन बसलो. बाबांनी बिल आणि तेवढ्याच रकमेच्या संत्र्यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला. तारा तर सापडला नव्हताच. माझी कितीतरी उत्तरे पडताळणीसाठी दुसऱ्या कुणाच्या संगणकाची वाट पाहत अडकली होती. त्या अनोळखी माणसाच्या घरीही कूलर एकच असावा, असा मला संशय आहे.

जूनपासून दोनच कोअर चालत होते. डिसेंबरात मात्र थंडी कडाडली आणि आईने संगणकामागच्या गरम झोतासमोर बाबांचे ओले मोजे वाळत घातले. आता रोज रात्री तीच आठवण करून देते, “आठही लावलेस ना रे? उद्या स्वेटर धुवायचाय.”