"ते पुढे गेलेत"

आज सकाळी खडकवासल्याहून परतताना किरकटवाडी फाट्याजवळ रस्त्याच्या कडेला एक बाई सायकल धरून उभ्या दिसल्या. हेल्मेट, हातमोजे, बाटली, सगळे नवेकोरे होते आणि चेहरा रडवेला होता. पंक्चर झाले का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "नाही हो, ते पुढे गेलेत." घरी येऊन दोन कप चहा झाला तरी माझा संताप उतरलेला नाही.

कारण याच रस्त्यावरच्या नांदेड फाट्यावर मीही अशीच उभी राहिले होते. सायकल मी पस्तिशीत शिकले आणि नवऱ्याचे बालपण सायकलवरच गेलेले. निघण्यापूर्वी त्याने माझी सीट वर घेतली, कारण म्हणे पेडल तळाशी असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, नाहीतर गुडघ्यांवर ताण येतो. नियम बरोबर आहे, नाही म्हणत नाही. परंतु त्या उंचीवर थांबताना जेमतेम चवडे टेकतात, आणि जिला थांबण्याचीच धास्ती आहे तिच्या गुडघ्यांची काळजी दोन महिन्यांनी केली तरी चालते. फाट्यावर बस अचानक कडेला आली, मी ब्रेक दाबला, पाय टेकला नाही आणि सायकलसकट कलंडले. बऱ्याच वेळाने परत आलेल्या नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "कुठे राहिलीस?"

कुठे राहिलीस! अरे, तू जिथे सोडलेस तिथेच.

माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याला चांगली येते त्याने मागे राहावे, आणि तेही किंचित उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला आधी तो दिसतो आणि पुढचीला जागा मिळते. नवशिक्या माणसाने मागे वळून पाहिले की मानेबरोबर हँडलही वळते. आपले माणूस मागेच आहे हे ठाऊक असले की ती वेळच येत नाही. वेगही पुढचीने ठरवावा. "सावकाश चालव" हा सल्ला तर कृपा करून कोणी देऊ नये, कारण फार सावकाश गेले की सायकल अधिकच डुगडुगते. ताशी पंचवीसने जाणाऱ्याला बाराने जाणे कंटाळवाणे होते, हे मान्य. त्याने दुसऱ्या दिवशी एकट्याने सिंहगडाचा घाट चढावा, कोणी अडवलेले नाही. (बायको पुढे आणि नवरा धापा टाकत मागे, असेही पाहिले आहे, तिलाही हेच सांगेन.)

नांदेड फाट्यानंतर माझी सायकल दोन वर्षे गॅलरीत होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत असत. मग एका संध्याकाळी नवऱ्याने काही न बोलता टॉवेल काढले, हवा भरली आणि सीट खाली घेतली. क्षमा वगैरे त्याने आजतागायत मागितलेली नाही. मात्र तेव्हापासून तो मागे असतो आणि मागून फक्त "टेम्पो", "बस", "काही नाही, जा" एवढेच बोलतो. यापेक्षा गोड त्याला कधी बोलता आलेले नाही आणि मला ते पुरते.

आजही तो मागेच होता. त्या बाईंचे यजमान परत आले आणि त्रासिक आवाजात म्हणाले, "काय झालं आता?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्याने पिशवीतून पाना काढला आणि विचारले, "ताई, सीट थोडी खाली करून देऊ का?"

बाईंनी यजमानांकडे पाहिलेही नाही. "करा," म्हणाल्या.