‘मला चढतच नाही’ म्हणणाऱ्या पोराची काळजी करा

‘बापाचं रक्त आहे, दुसरं काय होणार!’ दारूड्या बापाच्या मुलाबद्दल हे वाक्य सर्रास त्याच्यासमोरच बोललं जातं. हल्ली त्याला विज्ञानाची फोडणी मिळाली आहे, ‘जीन्समध्येच असतं ते’. मला या वाक्याचा मनापासून राग येतो, कारण जनुकांवरचं संशोधन असं काही सांगतच नाही.

व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि तो चांगलाच मोठा आहे, हे आधी मान्य करू. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदात्यांपैकी एक जण दारूच्या आहारी गेलेला, पण मुलगा तान्हेपणीच दुसऱ्या घरात गेलेला. तरीही अशा मुलग्यांमध्ये दारूच्या व्यसनाचं प्रमाण इतर दत्तक मुलग्यांच्या जवळपास चौपट निघालं. ही बातमी सगळे सांगतात. पण त्याच अभ्यासात व्यसनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या ५५ पैकी ४५ जणांना हे व्यसन लागलं नव्हतं, हे कुणी सांगत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांतून येणाऱ्या ‘हे व्यसन ५० टक्के आनुवंशिक’ या आकड्याचंही तेच. दारूड्याच्या दोन मुलांपैकी एक वाया जाणार, असा त्याचा अर्थ नाही. लोकांमध्ये या व्यसनाच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही. १९९० मध्ये मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा ‘दारूचं जनुक’ म्हणून गाजावाजा झाला, पण पुढच्या अभ्यासांत तो दावा टिकला नाही. आज दिसतात ती असंख्य जनुकं, बहुतेकांचा वाटा चिमूटभर.

मग वारशात नेमकं येतं तरी काय? पूर्व आशियातल्या अनेकांच्या शरीरात दारूपासून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड नीट मोडत नाही, कारण ते मोडणारं एएलडीएच२ हे विकर (एन्झाइम) त्यांच्यात दुबळं असतं. दोन घोटांत चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. असे लोक दारूच्या नादी इतरांपेक्षा कमी लागतात.

याच्या नेमकं उलट चित्र अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांना दिसलं. विशीतल्या मुलांना त्यांनी दारू दिली आणि ती उभी असताना किती झुलतात ते मोजलं, किती चढली तेही विचारलं. काही जण जेमतेम हलले. दहाएक वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा व्यसनी वडिलांच्या मुलांपैकी ज्यांना कमी चढली होती त्यांच्यातल्या ५६ टक्के जणांना व्यसन लागलं होतं, ज्यांना लवकर चढली होती त्यांच्यातल्या १४ टक्के जणांना. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तरी ‘आपल्याला चार पेगनंतरही काही होत नाही’ हे मित्रांमध्ये अजून मर्दुमकी म्हणूनच सांगितलं जातं! खरं तर ‘आता बास’ हा शरीराचा इशारा अशा मुलाला उशिरा मिळतो. म्हणून तो जास्त पितो, जास्त पिणाऱ्यांत बसतो, आणि सहनशक्ती आणखी वाढत जाते.

‘हा मेंदूचा आजार आहे’ असं सांगितलं की व्यसनी माणसाला दोष देणं कमी होतं, हे चांगलंच. पण जैविक कारण ऐकल्यावर ‘मग हा काही सुधारत नाही’ ही भावनाही लोकांमध्ये वाढते, असं मानसशास्त्रातले अभ्यास दाखवतात. घरच्यांनी आशा सोडली की उपचाराला नेणार कोण? आनुवंशिकतेचं नाव घेऊन माणसाला मोडीत काढणं मला शिव्या देण्याइतकंच क्रूर वाटतं.

घरात हे व्यसन असेल, तर मूल पंधरा-सोळाचं झालं की त्याला ‘तूही तसाच होशील’ असं म्हणू नका. शांतपणे बसवून सांगा, की तुला कदाचित इतरांपेक्षा कमी चढेल, तेव्हा मित्रांबरोबर पेगाला पेग लावायला जाऊ नकोस, आणि प्यायचीच नाही असं ठरवलंस तर त्याचं कारण कुणाला देत बसायची गरज नाही.