माशातल्या हार्मोनचा तो मेसेज: एकेक मुद्दा तपासूया

ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या सीवूड्सपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: बाजारातल्या प्रत्येक माशाला हार्मोनचं इंजेक्शन दिलेलं असतं. माशाच्या रक्तात बायकांचं हार्मोन माणसाच्या कित्येक पट असतं. रक्तातलं एक प्रोटीन ते घट्ट पकडून ठेवतं, म्हणून शिजवूनही ते जात नाही. त्यामुळे मुली लवकर वयात येतात, गाबोळी तर विषच. पुरावा म्हणून शेवटी परदेशातल्या नद्या, जिथे म्हणे नर माशांच्या माद्या झाल्या.

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत. म्हणूनच लोकांना ते पटतं, आणि म्हणूनच सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

इंजेक्शनचं आधी उरकू. बांगडा, बोंबील, पापलेट, सुरमई समुद्रातून येतात. त्यांना सुई टोचायला कोण जाणार? इंजेक्शन असतं ते रोहू-कटल्यांच्या बीजकेंद्रात. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशात पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली आणि देशातली मत्स्यशेती उभी राहिली. पण ती सुई फक्त प्रजननासाठी ठेवलेल्या नर-मादीला. आपल्या ताटात येते त्यांची पिल्लं, वर्षभर तळ्यात वाढलेली. चिलापीची (तिलापिया) गोष्ट वेगळी. तिच्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून मिथाइलटेस्टोस्टेरॉन देतात, म्हणजे सगळे नर होतात. हे पुरुषी हार्मोन आहे, बायकांचं नव्हे. मासा विकायला येईपर्यंत मध्ये कित्येक महिने जातात आणि तोवर ते शरीराबाहेर गेलेलं असतं.

आता रक्तातलं प्रमाण. अंडी भरत आलेल्या मादी ट्राउट माशाच्या रक्तात इस्ट्राडायॉल, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, मिलिलिटरमागे दहा-वीस नॅनोग्रॅमपर्यंत किंवा त्याहून वर चढतं, तर गरोदरपण सोडलं तर बाईच्या रक्तात ते सहसा एका नॅनोग्रॅमच्याही आत असतं. तेव्हा ‘कित्येक पट’ हे शब्द खोटे नाहीत. पण हिशोब पुढे करा की! एक किलोच्या माशात रक्त साधारण चाळीस मिलिलिटर. मिलिलिटरला वीस नॅनोग्रॅम धरले तरी सगळं मिळून एक मायक्रोग्रॅमही भरत नाही. पाळी गेलेल्या बायकांना डॉक्टर इस्ट्राडायॉलची गोळी देतात ती एक-दोन मिलिग्रॅमची, म्हणजे हजार पटींहून जास्त. इतकी मोठी का? कारण तोंडावाटे घेतलेलं नैसर्गिक इस्ट्राडायॉल आतडं आणि यकृत बहुतांश निकामी करून टाकतात. शिवाय कोळीण मासा साफ करताना कल्ले आणि आतडी काढून टाकते आणि बरंचसं रक्त धुतल्या पाण्याबरोबर तिथेच वाहून जातं. गाबोळीत थोडी हार्मोन्स असतात, अंडीच ती. पण त्यांनाही हाच रस्ता पार करायचा असतो.

प्रोटीनबद्दल मेसेज सरळसरळ उलटं सांगतो. माशाच्या यकृतात एक प्रोटीन तयार होतं. ते रक्तात फिरतं आणि लैंगिक हार्मोन्स धरून नेतं. आपल्याही रक्तात त्याच कुळातलं प्रोटीन आहे. त्याची पकड शेअर रिक्षासारखी असते, प्रवासी सारखे चढतात नि उतरतात. जोवर हार्मोन त्यात बसलेलं असतं तोवर ते पेशीत शिरून काम करत नाही. म्हणजे हे प्रोटीन लगाम आहे, विषाची कुपी नव्हे. ट्राउटवरच्या प्रयोगांत दिसलं की इस्ट्राडायॉल वाढलं की यकृत हे प्रोटीनही जास्त बनवतं. आणि कढईच्या उष्णतेत प्रोटीनची घडी मोडते, उरलेलं पोट पचवतं. हार्मोनचा रेणू मात्र शिजवून नाहीसा होत नाही, एवढं मेसेजचं बरोबर आहे. पण ते किती, हे वर आलंच.

मुलींच्या वयात येण्याचं म्हणाल तर याच प्रोटीनकडे बघा. वजन आणि इन्सुलिन वाढलं की माणसाच्या रक्तातलं हे प्रोटीन कमी होतं, मोकळं हार्मोन वाढतं. लवकर वयात येण्याशी लठ्ठपणाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मुलीला आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसली तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. बांगडा बंद करून वेळ घालवू नका.

नराची मादी होणं? आपला जिताडा जन्मजात तेच करतो. आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. त्यात रसायनाचा हात नाही.

परदेशी नद्यांची गोष्ट मात्र खरी आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त छळते. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये सांडपाणी केंद्रांच्या खालच्या अंगाला नर माशांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन सापडलं. हे अंड्यातल्या बलकासाठीचं प्रोटीन, एरवी मादीतच दिसणारं. काही नरांच्या वृषणात अंडी होती. कॅनडात २००१पासून तीन वर्षं शास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून एका तळ्यात मुद्दाम गर्भनिरोधक गोळीतलं इथिनाइल-इस्ट्राडायॉल लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम ठेवलं, तर फॅटहेड मिनो हा छोटा मासा जवळपास संपला. ते घालणं थांबवल्यावर काही वर्षांनी तो सावरला. ब्रिटनच्या नद्यांतलं हार्मोन माशातून आपल्यात आलेलं नव्हतं. ते आपल्या लघवीतून, गटारातून माशाकडे गेलं होतं. आणि हार्मोन धरून नेणारं ते मघाचं प्रोटीन इथे माशाच्या मुळावर येतं. झेब्राफिशमध्ये ते कल्ल्यांतही सापडलं आहे आणि ते पाण्यातली स्टेरॉइड्स (लैंगिक हार्मोन्स याच जातीची) ओढून घेतं. माणसाचं प्रोटीन गोळीतल्या या हार्मोनला जेमतेम धरतं, माशाचं घट्ट.

ठाण्याच्या खाडीला २०२२मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याच खाडीत दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी उतरतं. चेंदणीच्या किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यातल्या कोळणीला ‘इंजेक्शनवाला मासा आहे का’ असं विचारून तिचा धंदा बसवण्यापेक्षा सोसायटीच्या पुढच्या सभेत विचारा: आपल्या इमारतीचं मलपाणी कोणत्या केंद्रात जातं, तिथे त्यावर पूर्ण प्रक्रिया होते का, आणि खाडीत सोडलेल्या पाण्याचे तपासणी अहवाल पालिका रहिवाशांना दाखवते का?