जिऱ्याच्या पाण्याने घ्रेलिनचा रिसेप्टर बंद होतो?

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन. त्याचा रिसेप्टर पोटात असतो. रिकाम्या पोटी जिऱ्याचं पाणी प्या, रिसेप्टर बंद, वजन खाली. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.' तलावपाळीवर सकाळी फिरणारी मंडळीही आता हेच एकमेकांना सांगतात.

घ्रेलिन मुख्यतः जठरात बनतं आणि भूक वाढवतं, हे खरं. पण भूक एकट्या त्याच्यावर चालत नाही. घ्रेलिनचं जनुक काढून टाकलेले उंदीरही जवळपास नेहमीइतकंच खातात.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं हार्मोन ओळखणारं प्रथिन. 'तो पोटात' हे मात्र दिशाभूल करणारं. तो घ्रेलिनच्याही आधी सापडला, १९९६ साली, पिट्युटरी आणि हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूकडे. त्याला जागं करणारी कृत्रिम औषधं हाताशी होती, शरीरातला पदार्थ कोणता ते कळत नव्हतं. जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांच्या गटाने हा रिसेप्टर असलेल्या पेशी वाढवल्या आणि एकेका अवयवाचा अर्क त्यांवर टाकून पाहिला. रिसेप्टर जागा झाला की पेशीच्या आतलं कॅल्शियम एकदम वाढतं, तेच मोजायचं. जोरदार प्रतिसाद मिळाला तो जठराच्या अर्काला. १९९९ साली घ्रेलिन जगासमोर आलं: २८ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या तिसऱ्या जागेवर मेदाम्लाचा छोटा तुकडा जोडलेला नसेल, तर हा रिसेप्टर दाद देत नाही. इतका तो चोखंदळ आहे!

मग जिऱ्याने तो बंद होतो हे दाखवायचं कसं? त्याच पेशींवर घ्रेलिनसोबत जिऱ्यातला नेमका घटक टाकायचा आणि कॅल्शियम वाढायचं थांबतं का ते बघायचं. पेशी मेल्या तरी कॅल्शियम वाढणार नाही, म्हणून त्या धडधाकट आहेत ना, हेही तपासायचं. मग तो घटक पचनातून तरून रक्तात किती उतरतो, ते पाहायचं. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही. खरा अडथळा शरीरातच आहे: यकृत आणि लहान आतड्यात बनणारं लीप-२ हे पेप्टाइड (छोटं प्रथिन) घ्रेलिनला याच रिसेप्टरवर रोखतं, हे २०१८ साली कळलं.

शिवाय लठ्ठ माणसांच्या रक्तात घ्रेलिन बहुधा कमीच आढळतं. उलट डाएट करून वजन उतरवलं की ते वाढतं.

जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. पण ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू आहे, त्यांनी त्याच्या भरवशावर नाश्ता टाळला तर साखर झपकन उतरू शकते: घाम, हात थरथरणं, चक्कर. मेसेज पुढे पाठवणारच असाल, तर निदान एवढं तरी खाली जोडा.