‘स्वस्त जागा दिली की येतात म्हणे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या इमारती आणि नवे उद्योग यांच्यावरच्या मागच्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. ती तशीच देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढं उचललं असं कुणाला वाटायला नको:

‘पंख्याखाली बसून शहरं घडवणाऱ्यांचा आणखी एक लेख. स्वस्त जागा असली की कलावंत आणि उद्योजक येतात, तर मग डेट्रॉइट का नाही भरलं? माणसं माणसांमागे जातात, भिंतींमागे नाही. बिल्बाओला एका संग्रहालयाने वर काढलं, त्याचा उल्लेखही नाही. आणि एमआयटीची ती इमारत चाळीस नव्हे, पन्नासहून जास्त वर्षं उभी होती. एवढं तरी तपासायचं.’

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठातली ‘इमारत क्रमांक २०’ १९४३ साली बांधली आणि १९९८ साली पाडली, म्हणजे ५५ वर्षं झाली. मी चाळीस लिहिलं. चूक माझी, मूळ लेखात दुरुस्त केली आहे.

आता ‘पंख्याखाली बसून’बद्दल. जुन्या कारखान्यांचे नकाशे, त्यांचे भाडेकरार आणि अग्निशमनाच्या परवानग्या हे गेली १७ वर्षं माझं रोजचं काम आहे. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात ते लिहिलं होतं. मतभेद जरूर असावेत, त्यासाठीच प्रतिक्रिया खुल्या ठेवतो. पण लिहिणारा कुठे बसतो हे आपणच ठरवायचं आणि मग त्याचं म्हणणं फेटाळायचं, ही वाद घालायची रीत नव्हे. आकडा चुकला हे साध्या शब्दांत सांगता आलं असतं. ‘एवढं तरी’ हे दोन शब्द माहिती देण्यासाठी लिहिलेले नाहीत, खाली पाहायला लावण्यासाठी लिहिलेले आहेत, आणि ते मला लागले.

मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेल्या अमेरिकेतल्या डेट्रॉइटकडे येतो. ‘स्वस्त जागा असली की येतात’ हे वाक्य माझं नाहीच. माझं वाक्य असं होतं: ‘फसलेला प्रयत्न जिथे थोडक्यात निभावतो, तिथे नवे प्रयत्न जास्त होतात.’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. भाडं हा फसण्याच्या खर्चाचा एक तुकडा झाला. जागा वापरण्याजोगी करायला लागणारा पैसा, परवानगीची वाट पाहण्यात गेलेले महिने, करार मोडताना भरावा लागणारा दंड आणि धंदा बसला तर पुन्हा नोकरी मिळेपर्यंतचा काळ, हे बाकीचे तुकडे.

डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० साली सुमारे साडेअठरा लाख होती, २०१० साली ती सव्वासात लाखांच्या आत आली आणि २०१३ साली शहराने दिवाळखोरी जाहीर केली. त्या वेळी शहरातले सुमारे ४० टक्के पथदिवे बंद होते. घर कवडीमोलाने मिळत होतं हे खरं, पण रिकाम्या इमारतींमधल्या तांब्याच्या तारा आणि नळ चोरीला गेलेले, पाण्याचे पाइप थंडीत फुटलेले, छतं गळकी. अशी इमारत फुकट मिळाली तरी ती चालू करायचा खर्च चांगल्या वस्तीतल्या काही वर्षांच्या भाड्याइतका होऊ शकतो, आणि तो सगळा पहिल्याच दिवशी घालावा लागतो. त्यातून एकाच मोठ्या उद्योगावर जगणाऱ्या गावात स्वतःचा धंदा बसला तर दुसरी नोकरी कुठली? घरच हलवावं लागतं. म्हणजे विकत घ्यायला स्वस्त आणि फसायला महाग. डेट्रॉइट माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही, तो नेमका तोच मुद्दा दाखवतो. लेख पूर्ण वाचला असतात तर हा प्रश्न तुम्ही विचारला नसतात असं मला वाटतं.

जागेच्या बाबतीत भाड्याच्या आकड्यापेक्षा कराराची मुदत महत्त्वाची, हे मी पुन्हापुन्हा का सांगतो? साधा हिशेब करा. शिल्पकाराने किंवा छोट्या छापखान्याने एका गाळ्यात वायरिंग, हवा ओढणारा पंखा, पाण्याची मोरी आणि एक आडभिंत घातली, आणि त्याला दहा महिन्यांच्या भाड्याएवढा खर्च आला असं धरू. करार १२ महिन्यांचा असेल तर दर महिन्याच्या भाड्यावर ८३ टक्के बोजा चढला. करार ६० महिन्यांचा असेल तर तोच बोजा १७ टक्क्यांच्या आत येतो. म्हणून निम्मं भाडं पण एक वर्षाची मुदत, या देकारापेक्षा पूर्ण भाडं आणि पाच वर्षं हा देकार अशा माणसाला पुष्कळदा परवडतो. मात्र पाच वर्षांत बाहेर पडायचा हक्क भाडेकरूकडे हवा, तीन महिन्यांच्या सूचनेवर. आणि ‘जागा होती तशी करून द्या’ हे कलम काढून टाकायला हवं. जाताना घातलेली वायरिंग उपटायचा खर्च भाडेकरूच्या माथी आणि पुढच्याने तीच पुन्हा घालायची, यात कुणाचंच भलं नाही. नगरपालिका सवलतीच्या जागा जाहीर करतात आणि त्या वर्षभरात रिकाम्या होतात, तेव्हा बहुतेक वेळा करारात एक वर्षाची मुदत आणि ‘होती तशी करून द्या’ ही दोन कलमं सापडतात.

इमारतीचंही तसंच. राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. हलक्या कारखान्याला ५०० किलो लागतात. मध्यम आकाराच्या लेथचं वजनच टनभर, आणि ते चार पायांवर एकवटलेलं. मातीकामाच्या विजेच्या भट्टीला १० ते १५ किलोवॅट लागतात. ते घरगुती जोडणीवर निभत नाही, थ्री-फेज हवी. दार मीटरभर रुंद असेल तर यंत्र आतच येत नाही. नव्या ‘सर्जनशील केंद्रां’त काचेची दर्शनी भिंत असते आणि मालाची लिफ्ट नसते, मग तिथे फक्त लॅपटॉपवर काम करणारे उरतात. जुन्या कारखान्यांत भक्कम जमीन, चार मीटरचं छत, मोठ्या खिडक्या आणि मालाची लिफ्ट आधीच असते, आणि हा खर्च कधीच वसूल झालेला असतो.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात हेच घडलं. कापड आणि गोदामांचे धंदे उठून गेले. वरून महामार्ग नेण्याची योजना १९६९ साली रद्द होईपर्यंत डोक्यावर लटकत होती, त्यामुळे कुणी पैसा घालेना आणि भाडी खाली राहिली. चित्रकार तिथे राहू लागले ते बेकायदाच. मग १९६१ मध्ये अग्निशमन दलाशी तोडगा निघाला: दारावर ‘ए.आय.आर.’ (‘आर्टिस्ट इन रेसिडेन्स’, म्हणजे इथे कलावंत राहतो) ही अक्षरं आणि मजल्याचा क्रमांक असलेली पाटी लावायची, म्हणजे रात्री आग लागली तर वर माणसं आहेत हे जवानांना कळेल. कायद्याने तिथे राहायला मान्यता मिळाली १९७१ साली, आणि तीही नोंदणीकृत कलावंतांनाच. एक साधी पाटी दहा वर्षं पुरली. परवानगी द्यायची म्हणजे सगळे नियम गुंडाळायचे असं नसतं. जिवाला धोका कुठे आहे ते आधी बघायचं, बाकीचं सवडीने.

‘माणसं माणसांमागे जातात.’ हो, जातात. पण भेटतात कुठे? इमारत २० ही युद्धकाळात रडारच्या संशोधनासाठी घाईने उभारलेली लाकडी इमारत, लांबच लांब बोळांची. तात्पुरती मानलेली, म्हणून भिंत पाडायला कुणाची सही लागत नसे. अणुघड्याळाच्या प्रयोगाला उंची कमी पडली तेव्हा जेरॉल्ड झकारायस यांनी दोन मजल्यांच्या जमिनी कापल्या. भाषाशास्त्रज्ञ, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि मॉडेल रेल्वेचा क्लब एकाच छपराखाली होते, कारण दुसरीकडे कुणालाच जागा मिळाली नव्हती. तुमच्या वाक्यातली ‘माणसं’ त्या भिंतींमुळेच एकमेकांना भेटली.

उद्योजकांच्या बाबतीत तर माणसांचा प्रश्न मुळात कायद्याचा आहे. नोकरी सोडून स्पर्धक कंपनी काढायला बंदी घालणारा करार कॅलिफोर्नियात १८७२ पासून निरर्थक ठरतो. १९५७ साली तिथल्याच, ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या शॉक्ली यांच्या प्रयोगशाळेतून आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड ही सेमीकंडक्टर कंपनी काढली. त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. एमआयटी ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये असे करार लागू करता येत होते, आणि त्यांना साधारण १२ महिन्यांची मर्यादा आली ती २०१८ साली. हुशार माणसं दोन्हीकडे होती. नोकरी सोडून बघायची किंमत मात्र सारखी नव्हती.

संगीताचंही एक उदाहरण देतो, कारण लेखात ते राहून गेलं होतं. जुन्या वादनगृहाशेजारी नवी घरं होतात, रहिवासी आवाजाची तक्रार करतात आणि वादनगृह बंद पडतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली आणि इंग्लंडने २०१८ साली नियोजनाच्या नियमात तत्त्व आणलं की जो नंतर आला त्याने आवाज रोखायचा खर्च करायचा. दुहेरी काचा बिल्डरने बसवायच्या. हे कागदावरचं एक कलम आहे, आणि माझ्या मते कलामहोत्सवाच्या दहा वर्षांच्या अनुदानापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

स्पेनमधल्या बिल्बाओवर फार लिहीत नाही. तिथलं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं १९९७ साली, तिथली मेट्रो १९९५ साली सुरू झाली होती. ‘एका संग्रहालयाने’ यातला ‘एका’ काढलात तर पुढे बोलता येईल.

पुढच्या वेळी माझं वाक्य उद्धृत करायचं असेल तर ते जसंच्या तसं घ्या. उत्तर नक्की देईन.